पांढऱ्या सेजचा धूर आणि ‘ऊर्जा’ नावाचा शब्द

गेल्या वर्षभरात ‘९४ टक्के’ हा आकडा मला इतक्या वेळा दिसला की शेवटी मी त्याचं मूळ शोधायला बसले. वाक्य साधारण असं असतं: पांढऱ्या सेजच्या धुरानं घरातले ९४ टक्के जीवाणू मरतात, हे आता विज्ञानानंही सिद्ध केलंय. रीलमध्ये सैल लिननचा कुर्ता घातलेली एक मुलगी असते. तिच्या हातात दोऱ्यानं बांधलेली राखाडी पानांची जुडी असते आणि जुडीचं टोक धुमसत असतं. ती दारापासून सुरुवात करते, चारही कोपऱ्यांत धूर फिरवते, खिडकी उघडते, आणि खाली अक्षरं उमटतात की तुमच्या घरातली नकारात्मक ऊर्जा आता बाहेर गेली. जुडीची लिंक बायोमध्ये. अंधेरी असो की वाकड, दोन-चार दिवसांत घरपोच.

आमच्या धंद्यात कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की ती कुणी, कधी आणि कुठल्या कारणानं लिहिली हे मागे मागे जाऊन बघायची सोय असते. तसंच इथं केलं. रीलमधून एका अमेरिकन वेलनेस ब्लॉगवर गेले, तिथून दुसऱ्या ब्लॉगवर, तिथून तिसऱ्या. प्रत्येक जण ‘एका अभ्यासानुसार’ म्हणत होता आणि मागच्याकडे बोट दाखवत होता. साखळीच्या शेवटी निघाला तो २००७ साली ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’मध्ये छापलेला एक शोधनिबंध. लिहिणारे नौटियाल, चौहान आणि नेने. काम लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतलं. आणि जाळलेली वस्तू? हवन सामग्री.

पुन्हा वाचा. हवन सामग्री. लाकडाबरोबर होमात टाकतात ते आपल्याकडचं वनस्पतींचं मिश्रण. पांढऱ्या सेजचा त्या प्रयोगाशी काडीचाही संबंध नाही. म्हणजे लखनौच्या होमाचा आकडा अमेरिकेला गेला, तिथं भलत्याच झाडाला चिकटला आणि आता त्या झाडाबरोबर इंग्रजी उच्चार घेऊन मुंबईला परत आला आहे. विकणाऱ्यांपैकी कुणालाही तो निबंध उघडून बघावासा वाटला नाही. त्याचा सारांश फुकट वाचायला मिळतो आणि तो वाचायला दोन मिनिटं लागतात.

इथं आपली कॉलर ताठ करण्याचा मोह होतो (‘बघा, शेवटी आपलंच हवन!’), म्हणून तो निबंध काय सांगतो तेही नीट बघू. तासभर धूर केल्यावर, ६० मिनिटांत, हवेतल्या जीवाणूंची संख्या ९४ टक्क्यांहून जास्त घटली आणि बंद खोलीत ती घट २४ तासांपर्यंत टिकली. उघड्या खोलीत काही रोगकारक जीवाणू ३० दिवसांनंतरही आढळले नाहीत, असंही लेखक म्हणतात. या दुसऱ्या दाव्यावर विश्वास ठेवायला मला आणखी कुणीतरी तो प्रयोग करून दाखवायला हवा. पहिला मात्र सहज पटण्यासारखा आहे. धुरानं सूक्ष्मजीव मरतात हे मासे धुरावर सुकवणाऱ्याला कधीच माहीत होतं. प्रश्न असा, की त्या खोलीत बसणारं माणूस जीवाणू नसलं तरी श्वास तर घेतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पीएम २.५ या सूक्ष्म कणांची २४ तासांची सरासरी घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. आपल्याकडचा सरकारी मापदंड ६०चा. बंद खोलीत काहीही जाळलं, मग ते होमातलं असो, कॅलिफोर्नियातलं असो की अगरबत्तीतलं, तर ही रेघ ओलांडायला फार वेळ लागत नाही. माझ्या टेबलावर एक साधा सेन्सर असतो. खालच्या मजल्यावर कुणी धूपकांडी लावली की तो माझ्या आधी सांगतो. माझी फ्लॅटमेट दम्याची आहे. घर शुद्ध होत असताना ती पंप घेऊन गॅलरीत उभी असते.

* * *

आता त्या झाडाकडे. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव साल्विया एपियाना. तुळस-पुदिन्याच्या कुळातलं, पांढुरक्या पानांचं झुडूप. ‘एपियाना’ हा शब्द मधमाशीवरून आलाय, कारण फुलांवर माश्यांची झुंबड असते. पानाच्या तेलात निलगिरीतलं सिनिओल आणि कापूर भरपूर असतो, त्यामुळे मराठी नाकाला पहिल्यांदा तो वास आला तर आध्यात्मिक काही न वाटता सर्दीत छातीला लावायच्या बामची आठवण येते. हे झुडूप जगात नैसर्गिकरीत्या एकाच पट्ट्यात उगवतं: अमेरिकेतला दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाचा उत्तर भाग. तिथं हजारो वर्षं राहणाऱ्या चुमाश, टोंग्वा, काविया, कुमेयाय या लोकांसाठी ते अन्न आहे (बिया दळून खातात), सर्दी-खोकल्याचं औषध आहे आणि प्रार्थनेतला सोबती आहे.

इथं एक घोळ आधीच झालेला आहे. ‘स्मजिंग’ हा सगळ्या ‘रेड इंडियन’ लोकांचा एकच विधी आहे आणि त्यात पांढरं सेज लागतं, अशी रीलमधली समजूत असते. तर ‘स्मज’ हा मुळात इंग्रजीतला जुना शब्द. डास-किडे पळवायला केलेल्या धुरालाही स्मजच म्हणत. उत्तर अमेरिकेतल्या शेकडो लोकसमूहांपैकी बऱ्याच जणांकडे धुराचे विधी आहेत, पण कुणाचे शब्द वेगळे, कुणाच्या वनस्पती वेगळ्या. लाकोटांसारखे मैदानी प्रदेशातले लोक ज्याला सेज म्हणतात ते साल्विया नव्हेच, ते आर्टेमिसिया प्रजातीतलं. म्हणजे चैत्रात जोतिबाला वाहतो त्या आपल्या दवण्याचा भाऊबंद. शिवाय काही जण देवदार जाळतात, काही एक सुवासिक गवत, काही तंबाखू. हा सगळा पसारा एका जुडीत बांधून ‘प्राचीन नेटिव्ह अमेरिकन परंपरा’ असं लेबल लावणं म्हणजे वारी, उरूस आणि शिगमो एकाच डब्यात भरून ‘प्राचीन भारतीय चालणे’ म्हणून विकण्यासारखं आहे.

मला जास्त बोचतं ते इतिहासाचं कॅलेंडर. १८८३ साली अमेरिकी सरकारनं ‘कोड ऑफ इंडियन ऑफेन्सेस’ नावाचे नियम काढले. राखीव प्रदेशांतले विधिनृत्य आणि वैदू-भगतांचे उपचार त्यानं गुन्हा ठरवले. शिक्षा म्हणजे शिधा बंद किंवा कैद. विचार करा, जमीन काढून घेतल्यावर जे लोक सरकारी शिध्यावर जगत होते त्यांचा शिधा बंद. पुढं नियम सैल होत गेले तरी त्यांच्या धर्माचरणाला कायद्यानं स्पष्ट संरक्षण मिळायला १९७८चा ‘अमेरिकन इंडियन रिलिजस फ्रीडम अ‍ॅक्ट’ उजाडावा लागला. आणि साधारण त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या न्यू एज दुकानांतून सेजच्या जुड्या स्फटिकांशेजारी दिसू लागल्या. ज्या गोष्टीसाठी आजोबांना कोठडी मिळत होती ती नातवंडांच्या शेजारच्या दुकानात किंमतीची चिठ्ठी लावून मांडलेली.

किंमतीची गोष्ट निघालीच आहे तर २०१८चं वर्ष बघा. त्या जूनमध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ एटिवांडा या संरक्षित क्षेत्रात चार जणांना अटक झाली. त्यांच्याकडे ४०० पौंड, म्हणजे जवळजवळ १८० किलो, चोरून कापलेलं पांढरं सेज होतं. त्याच वर्षी सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या साखळी दुकानात ‘स्टार्टर विच किट’ येणार अशी जाहिरात झाली: अत्तरांचे नमुने, टॅरो पत्ते, गुलाबी स्फटिक आणि सेजची एक जुडी, सगळं मिळून ४२ डॉलर. मूळनिवासी लोक चिडले. स्वतःला चेटकिणी म्हणवणाऱ्या अमेरिकन बायकाही चिडल्या, हे मला खास आवडलं. ते किट बनवणाऱ्या कंपनीनं माफी मागून मागं घेतलं.

ज्या डोंगरउतारांवर हे झुडूप वाढतं तिथं घरांच्या वसाहती चढत चालल्या आहेत, दुष्काळ आहे, वणवे आहेत. त्यात पोत्यांनी चोरी. बाजारातला बराचसा माल रानातूनच तोडलेला असतो, कुणी लावलेला नसतो. पाकिटावरच्या ‘एथिकली सोर्स्ड’ या दोन शब्दांमागं कुठलीही तपासणी असायलाच हवी असा नियम नाही.

या विषयावर ‘सेजिंग द वर्ल्ड’ नावाचा एक छोटा माहितीपट २०२२ साली आला. रोझ रामिरेझ आणि डेबोरा स्मॉल यांनी कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लँट सोसायटीबरोबर तो केला आहे. सांस्कृतिक लूट आणि पर्यावरणाची हानी या दोन गोष्टी वेगवेगळ्या नाहीत, हे तो नीट मांडतो. त्याच्या मोहिमेचं साधं म्हणणं आहे की रानातलं विकत घेऊ नका, हवंच असेल तर स्वतः लावा. कॅलिफोर्नियात अंगण असलेल्या माणसाला हे सांगणं ठीक आहे. पण सातव्या मजल्यावर वन बीएचकेत राहून ऑनलाइन जुडी मागवणारी ठाण्यातली मुलगी त्याचं काय करणार? जगभर पसरलेल्या बाजाराला ‘तुमच्या अंगणात लावा’ हे उत्तर पुरत नाही. तिला तर मुळात ते झुडूप हवंच नव्हतं. तिला हवी होती ती ऊर्जा.

* * *

म्हणून मला वाटतं, या सगळ्यात खरी चिकित्सा व्हायला हवी ती ‘ऊर्जा’ या शब्दाची. भौतिकशास्त्रातली ऊर्जा जूलमध्ये मोजतात आणि ती सेजनं हटत नाही, हे सांगण्यात काही मजा नाही. ते रील बनवणाऱ्यालाही ठाऊक असतं. मजा आहे ती हा शब्द काय काम करतो हे बघण्यात.

प्रोग्रामिंगमध्ये आम्ही इंटरफेस नावाची गोष्ट वापरतो. पैसे भरायचं बटण एकच. मागं यूपीआय असो, कार्ड असो, वॉलेट असो, बटणाला फरक पडत नाही. मागची वस्तू बदलली तरी वरचा दिसतोय तो भाग तोच राहतो. ‘ऊर्जा शुद्ध करणे’ हे तसलं बटण आहे. मागं सेज लावा, दक्षिण अमेरिकेतलं पालो सांतो लावा, गुग्गुळ लावा, कापूर लावा, हिमालयीन मिठाचा दिवा लावा, तिबेटी वाटी वाजवा. सगळं एकाच बटणाला जोडता येतं. एकदा ते जोडलं की प्रत्येक वस्तूला तिचा देव, तिचे लोक, तिचे नियम आणि तिच्या अटी सांगायची गरज उरत नाही. त्यामुळंच ती पाकिटात मावते.

जुन्या धुराला असं नव्हतं. त्याला पत्ता असायचा. काश्यपसंहितेत धूपांवर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि ते धूप राक्षसांपासून, ग्रहांपासून बाळाचं रक्षण करण्यासाठी आहेत. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, वेखंड, बाळंतशेपा टाकून दिलेली धुरी ही बाळ-बाळंतिणीसाठी असते. गोठ्यात कडुनिंबाचा पाला जाळतात तो गोचिडा-डासांसाठी. धुपाटण्यातला धूप देवासाठी. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकतात ती दृष्ट कुणाची तरी असते. कुमेयाय किंवा लाकोटा माणूस धूर करतो तेव्हाही तो कुणाला तरी उद्देशून असतो, त्यात प्रार्थना असते, आणि पान तोडण्याआधी झाडाकडे मागणं असतं. रीलमधला धूर कुणालाच उद्देशून नसतो. कॅमेऱ्याला असतो फार तर.

माझ्या आजीच्या तोंडी ‘नकारात्मक ऊर्जा’ हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. ती म्हणायची, ‘ही वास्तू लाभली नाही’, ‘पोराला कुणाची तरी नजर लागली’, ‘बाहेरचं आहे काहीतरी’. तीनही वाक्यांत कर्ता आहे. वास्तू, कुणाचीतरी नजर, बाहेरचं. नव्या शब्दात कर्ता गायब. ऊर्जा ‘येते’, ‘साचते’, ‘अडकते’. सिंकमध्ये पाणी तुंबावं तशी.

इथं मी आजीच्या बाजूनं उभी आहे असं वाटू शकेल, म्हणून घाईनं सांगते की नाही. कारण तो कर्ता बहुतेक वेळा एखादी बाई असायची. गल्लीच्या टोकाची विधवा, मूल नसलेली जाऊ, पाड्यावरची एकटी म्हातारी. दृष्ट लावणारी कोण हे सगळ्यांना आधीच ठरवून माहीत असतं. हा संशय वाढत गेला की सातपुड्यात त्याला डाकीण म्हणतात आणि मग फक्त मीठ-मोहऱ्यांवर भागत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर त्या वर्षअखेर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत ज्या कृत्यांना बंदी आहे त्यांत भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला दोरीनं बांधणं, चाबकानं मारणं यांच्या जोडीला एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: मिरचीची धुरी देणं. शुद्धीकरणाचा धूर कुणाच्या नाकात जबरदस्तीनं जायचा हे त्या एका ओळीतून कळतं.

त्या तुलनेत ‘नकारात्मक ऊर्जा’ हा फारच सभ्य शब्द आहे. तो शेजारणीवर संशय घेत नाही. एखाद्या सासूनं सुनेच्या पायगुणाऐवजी कोपऱ्यातल्या ऊर्जेला दोष दिला, तर सुनेची एक संध्याकाळ बरी जाईल. हा फायदा मी खरोखर मोजते. तो छोटा नाही. शिवाय ज्यांनी नुकतंच कुणी गमावलंय, ज्यांचं नातं तुटलंय, त्यांना घरभर हळू चालत काहीतरी हातांनी करावंसं वाटतं, हेही मला कळतं. रिकाम्या घरात काय करावं हे ‘थेरपिस्टकडे जा’ म्हणणारं कुणी सांगत नाही. विधी ते सांगतो.

वर्गाचा भाग मात्र कुणी बोलत नाही. पाड्यावरची बाई धुरी करते ती अंधश्रद्धा, आणि कोरेगाव पार्कमधली बाई करते ते वेलनेस. पहिलीला आपण प्रबोधन पाठवतो, दुसरीला डिस्काउंट कोड. मुंबई-पुण्याच्या बाजारपेठांत गुरुवारी-शुक्रवारी दुकानोदुकानी लोबान फिरवणारे फकीरबाबा तुम्ही पाहिले असतील. हातात निखाऱ्यांचं भांडं, एक मुठीचा पंखा, गल्ल्याभोवती दोन फेरे, दहा-वीस रुपये, पुढचं दुकान. दुकानदार कुठल्याही धर्माचा असो, गल्ल्याला धूर लागतोच. ही सेवा किती जुनी, किती स्वस्त आणि किती सरमिसळ झालेली! आणि तिच्यावर एकही रील नाही, कारण बाबांच्या बायोमध्ये लिंक नाही.

(जाता जाता: आपण लोबान किंवा ऊद म्हणून घेतो तो बहुधा मूळ सुमात्रा भागातल्या स्टायरॅक्स झाडाचा राळेसारखा डिंक. अरबी व्यापारी त्याला ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा लोबान, म्हणत. युरोपात त्या शब्दाचं बेंझॉइन झालं, त्यावरून बेंझोइक आम्ल, आणि १८३३ साली मित्शरलिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं त्या आम्लापासून जो द्रव मिळवला त्याचं नावही त्याच मुळातून आलं. बेंझीन. कर्करोगाला कारण ठरणारं म्हणून आज त्याची नोंद आहे, आणि लाकूड-पाला जाळल्यावर निघणाऱ्या धुरात तेही थोडंफार असतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीत हे कुणी सांगितलं असतं तर मी वर्गात जागी राहिले असते.)

* * *

कर्ता गायब करणाऱ्या शब्दाचा दुसरा चेहरा मी ऑफिसात पाहिला. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुण्यातली मध्यम आकाराची, काचेची, तुम्ही शंभर पाहिल्या असतील तशी. एका मंगळवारी सकाळी आमच्या मजल्यावरच्या अकरा जणांचे लॅपटॉप लॉगिन होईनात. दुपारपर्यंत ते अकरा जण खोक्यात मग, चार्जर आणि एखादं रोपटं घेऊन लिफ्टपाशी उभे होते. त्यातला एक माझ्या शेजारी बसायचा. त्याच्या गृहकर्जाचा दुसरा हप्ता गेला होता.

पुढच्या आठवड्यात एचआरचा मेल आला: मजल्यावरची ऊर्जा जड झाली आहे असं बऱ्याच जणांनी बोलून दाखवलं, म्हणून शुक्रवारी चार वाजता ‘स्पेस क्लिन्झिंग’चं सत्र. ऐच्छिक, पण हजेरी घेतली जाईल. बाहेरून एक ताई आल्या. फॅसिलिटीवाल्या दादांनी आधीच स्टुलावर चढून स्मोक डिटेक्टरना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. ताईंनी सेजची जुडी पेटवली आणि प्रत्येक टेबलापाशी धूर नेला. रिकाम्या अकरा टेबलांपाशी जरा जास्त वेळ. आम्हाला डोळे मिटून ‘जे गेलं ते सोडून द्या’ असं म्हणायला सांगितलं.

ताई चांगल्या होत्या. त्यांचा आवाज शांत होता, आणि खरं सांगायचं तर दोन-तीन जण तिथं रडले, ज्यांना तोवर रडायला जागा मिळाली नव्हती. पण त्या खोलीत काय घडत होतं? अकरा माणसांना काढण्याचा निर्णय काही ठरावीक लोकांनी, एका ठरावीक मीटिंगमध्ये, एका स्प्रेडशीटवर घेतला होता. आठवड्याभरात त्या निर्णयाचं रूपांतर हवेत साचलेल्या एका पदार्थात झालं. तो पदार्थ कुणी तयार केला हे विचारायची सोयच त्या शब्दात नाही. आणि पदार्थ असल्यामुळे तो बाहेर काढता येतो, खिडकीतून, साडेचारपर्यंत. आजीच्या भाषेत निदान कुणीतरी विचारलं असतं की नजर कुणाची लागली. तेव्हा उत्तर चुकीच्या बाईकडे गेलं असतं. इथं ते बरोबर माणसाकडे जाण्याचीही शक्यता बंद झाली.

भाड्याच्या घरातही हेच होतं. नव्या फ्लॅटमध्ये सतत डोकं दुखतं, झोप लागत नाही, खोली ‘जड’ वाटते. त्यातल्या निम्म्या वेळा भिंतीला ओल असते, बाथरूमच्या पाइपातून झिरपत असतं, खिडकी शेजारच्या इमारतीच्या डक्टमध्ये उघडत असते. ओल काढणं हे मालकाचं काम आणि त्याचा खर्च. ऊर्जा काढणं हे भाडेकरूचं काम, खर्चही भाडेकरूचा. इतका सोयीचा शब्द मालकाला आयता कुठं मिळणार?

* * *

हे लिहीत असताना एक ठरलेली प्रतिक्रिया मला दिसते आहे: परदेशी सेज कशाला, आपला गुग्गुळ-धूप काय वाईट? अशा नावांची पाकिटं बाजारात आलीही आहेत. काळ्या-सोनेरी खोक्यात, ‘वैदिक स्मज’ वगैरे. जाहिरातीचा सूर असा की स्वदेशी धूर आपोआप निष्पाप असतो.

गुग्गुळ म्हणजे कॉमिफोरा विघ्टी. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागातलं, काटेरी, अतिशय सावकाश वाढणारं झुडूप. खोडाला चिरा पाडायच्या, पाझरणारा डिंक वाळला की खरवडायचा. चिरा जास्त पाडल्या, किंवा डिंक लवकर यावा म्हणून उपद्व्याप केले की झाड मरतं. आयुर्वेदिक औषधांची मागणी आधीच मोठी, वर धुपाची. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे. नामशेष होण्याच्या अलीकडची पायरी. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या डोंगरावर पोलिसांना जे सापडलं, त्याच जातीचं काहीतरी कच्छच्या माळावर आपण केव्हाच करून बसलो आहोत. फरक इतकाच की गुग्गुळावर कुणी माहितीपट काढला तर तो बघायचा असं मी ठरवते, आणि दर चतुर्थीला सोसायटीच्या लॉबीत गुग्गुळाची कांडी जळते तेव्हा कुणी काही बोलत नाही. मीही नाही.

मध्यंतरी मंडईजवळच्या एका काष्ठौषधीच्या दुकानात गेले होते. तिथं अजून धूप वजनावर मिळतो. बरण्यांत राळ, लोबान, सालईचा डिंक, गुग्गुळ, सगळं ओळीनं. काउंटरवरच्या काकांना विचारलं, ‘काका, हा गुग्गुळ कुठून येतो?’

‘भुलेश्वरहून. मुंबईहून.’

‘नाही, म्हणजे झाड कुठलं?’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, ‘झाडाचं कोण विचारतं बाई? खरा गुग्गुळ हवा असेल तर तो आतल्या बरणीत आहे, तिप्पट भाव. हा बाहेरचा बहुतेक सालईच आहे, वर वास मारलेला. गिऱ्हाइकाला धूर हवा असतो.’ मग थोडं थांबून, ‘तुम्हाला कशासाठी हवाय? देवासाठी, की त्या एनर्जीसाठी?’

एनर्जीवाल्यांना ते बाहेरचाच देतात, असं त्यांनी पुडी न बांधता सांगितलं.